अक्षरांची किल्ली

नवा लॅपटॉप घेण्यासाठी मंचरच्या एका दुकानात गेलो आणि यात ऑपरेटिंग सिस्टिम कोणती घालता येईल असे विचारले, तेव्हा तेथला मुलगा अदबीने म्हणाला, "काका, ती आतच असते." त्याच्या स्वरात उपहास नव्हता, या व्यवहारात निवडीला कधी काळी स्थान होते याची त्याला वार्ताच नव्हती, आणि तेच मला बोचले. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी सरली आणि विंडोज 11 ला विशिष्ट सुरक्षा-चिप व पुरेसा नवा प्रोसेसर लागतो, म्हणून धडधाकट यंत्रेही निकालात निघत असताना हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाने विचारायला हवा.

माझ्या डॉस आणि विंडोज 98 यांच्या वर्षांविषयी सांगण्याजोगे फारसे नाही. त्या काळी एका मराठी फॉन्टात लिहिलेले माझे लेख मात्र आज उघडले की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पसारा दिसतो. तो फॉन्ट हरपला आणि त्याच्यासवे माझी भाषाही.

माझे मन रेंगाळते ते 2004 ते 2014 या दशकात. 2004 साली रेड हॅटने भारतीय लिप्यांचे लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उबुंटू या लिनक्स-प्रणालीची पहिली आवृत्ती निघाली आणि मागेल त्याला तिच्या सीडी टपालाने विनामूल्य येऊ लागल्या. विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट उमटवण्यासाठी बहुधा मूळ सीडी लागे, आणि ती आमच्यापैकी कुणाजवळच नव्हती. नारायणगावी पोस्टमनने दिलेले ते पाकीट घेऊन आम्ही चौघे-पाच जण भारनियमनाची वेळ चुकवून रात्री बसत असू. पडद्यावर मराठी मेनू प्रथम उमटला तेव्हा दफ्तरात आपल्या नावाची नोंद झाल्यासारखे वाटले.

"लिनक्स शिकून नोकरी मिळत नाही," असे एका संगणक-वर्गाचे शिक्षक तेव्हा सर्वांदेखत म्हणाले होते. त्यांना उत्तर देण्याचे राहून गेले, ते आज देतो : आपल्याच जुन्नर तालुक्यात खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांनी टिपलेले आकाशाचे संकेत 2010 च्या सुमारास लिनक्सवरच चालणाऱ्या संगणकांच्या समूहात एकत्र जुळवले जात होते.

2011 साली टपालाने सीडी येणे थांबले, मंडळी पांगली. 8 एप्रिल 2014 रोजी एक्सपीचीही मुदत संपली, तेव्हा नव्या विचाराची संधी होती. लोकांनी मोबाइल घेतले. अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्सच आहे, पण मालकीची जाणीव मात्र त्यासोबत आली नाही.

नाणेघाटातला सातवाहनांचा लेख आज वाचता येतो, तो केवळ दगड टिकला म्हणून नव्हे. त्याच्या ब्राह्मी लिपीची किल्ली 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने लावली आणि ती सर्वांसाठी खुली राहिली, म्हणून. माझ्या फॉन्टाची किल्ली एकाच कारखानदाराच्या खिशात होती. लॅपटॉप मी घेतला, त्यावर डेबियन हे लिनक्स घातले, आणि 2006 साली उबुंटूवर युनिकोडात टंकलेला लेख उघडला. एक काना-मात्राही हललेली नव्हती.