जालन्याचा नवा लोहमार्ग आणि वाटेवरची गावे

कोणत्याही प्रांतात नवा लोहमार्ग येण्याची वार्ता आली म्हणजे तिचे स्वागत दोन ठिकाणी दोन प्रकारांनी होते. शहरात पेढे वाटले जातात. आणि ज्या गावांच्या शिवारातून रूळ जावयाचे असतात, तेथे जुन्या ट्रंकांतून सातबाऱ्याचे उतारे बाहेर काढले जातात. दोन्ही कृती स्वाभाविक आहेत. परंतु वर्तमानपत्रांत पहिलीचे वर्णन विस्ताराने येते आणि दुसरीविषयी दोन ओळींपलीकडे काही आढळत नाही. ही उणीव अल्पांशाने भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जालना ते जळगाव या १७४ किलोमीटर लांबीच्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी मान्यता दिली. अंदाजित खर्च सुमारे ७,१०६ कोटी रुपये. राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा या बाजूने डोंगर उतरून हा मार्ग खानदेशात जावयाचा आहे. आज जालन्याहून आगगाडीने जळगावास जाणाऱ्यास मनमाडला वळसा घालावा लागतो आणि तीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास घडतो. तेव्हा या मार्गाची आवश्यकता पटवून देण्यासाठी फार युक्तिवादाची गरज नाही.

किंबहुना ही वाट नवी नाहीच. प्रतिष्ठानाहून, म्हणजे आजच्या पैठणहून, उत्तरेस उज्जयिनीकडे जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग याच मुलुखातून जात असे. भोकरदन हे त्या वाटेवरचे भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील शिलालेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत, आणि भोकरदनच्या उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या मूर्तीशी असलेले साम्य विद्वानांनी दाखवून दिले आहे. ज्या गावाचा माल एके काळी समुद्रापार जात होता, तेथे आजवर आगगाडीची शिटी ऐकू आलेली नाही, हा कालाचा महिमा!

जालना शहराला लोहमार्गाचे गुणदोष दोन्ही ठाऊक आहेत. निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी खोरे मार्ग एकोणिसावे शतक संपता संपता येथे आला. जालन्याच्या कापसाला आणि धान्याला त्याने दूरची पेठ मिळवून दिली, हे खरे. परंतु तो मार्ग मीटरमापी होता आणि मनमाडचा मार्ग रुंदमापी. त्यामुळे मुंबईकडे जाणारा माल मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. ही अडचण १९९० नंतरच्या दशकात मार्गाचे रुंदीकरण होईपर्यंत टिकली. आखणीच्या वेळी झालेली एक निवड तीन पिढ्यांना पुरली! लोहमार्ग एकदा घातला म्हणजे तो सहसा हलत नाही. म्हणून विचार करावयाचा तो आधी.

नव्या मार्गाचे लाभ सांगण्यासारखे आहेत. भोकरदन तालुक्यातील मुलामुलींना जालन्याच्या महाविद्यालयात रोज जाऊन रात्री घरी परतता येईल, आणि मुलीला शहरात ठेवावे कसे, या चिंतेपायी अर्धवट राहणारी शिक्षणे कदाचित पुरी होतील. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीला आणि जालन्याच्या मोसंबीला नवी पेठ मिळेल. राजूरच्या गणपतीस अंगारकीला लोटणारा समुदाय रस्त्यावरून अंशतः तरी रुळांवर जाईल.

परंतु हे लाभ लाखो लोकांत थोडे थोडे वाटले जातात, आणि हानी मात्र काही मीटर रुंदीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांच्याच वाट्यास येते. तिचे स्वरूप शहरातील वाचकांस सहजी कळत नाही, म्हणून थोडे खुलासेवार सांगतो.

रूळ सपाटीवरून जात नाहीत. मातीचा उंच भराव घालून त्यावरून जातात. हा भराव शेताचे दोन तुकडे करतो. विहीर एका बाजूस राहते आणि मोसंबीची बाग दुसऱ्या. उरलेला तुकडा कधी इतका चिंचोळा असतो की त्यात नांगर वळत नाही, आणि तरीही कागदोपत्री ती 'शिल्लक जमीन' म्हणूनच गणली जाते. काळ्या रानात पावसाचे पाणी उताराने वाहून ओढ्यास मिळते. भरावाने ते अडले की वरच्या अंगाचे पीक कुजते. भरावाखाली पाण्यासाठी मोऱ्या ठेवतात खऱ्या, पण त्या किती, कोठे आणि केवढ्या, यावर त्या शिवाराचे भवितव्य अवलंबून असते. पाणी कोठून वाहते हे नकाशापेक्षा गावातील म्हाताऱ्यास अधिक ठाऊक असते.

रस्त्यांचेही तसेच. अलीकडे लोहमार्गावर फाटके ठेवण्याऐवजी खालून भुयारी वाट काढतात. अपघात टळतात, हा मोठा गुण. परंतु अशा वाटांत पावसाळ्यात पाणी साचल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात ठिकठिकाणी ऐकू येतात. ज्या वाटेने मुले शाळेस जातात आणि बाळंतीण दवाखान्यात न्यावयाची असते, ती आषाढात गळाभर पाण्याखाली गेली तर गाव दुभंगलेच म्हणावयाचे. कडब्याने भरलेली गाडी खालून जाईल एवढी उंचीही हवी. या बाबी क्षुल्लक वाटतात. परंतु गावाचे सुख क्षुल्लक बाबींचेच बनलेले असते.

येथे कायद्याची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या भूसंपादन कायद्याने, प्रकल्पाचा गावावर काय परिणाम होईल हे आधी तपासावे आणि जनसुनावणी घ्यावी, असे सांगितले. मात्र त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत काही कायदे वगळले आहेत, आणि त्यांत १९८९ चा रेल्वे कायदा आहे. शहरांतील मेट्रोचा १९७८ चा कायदाही आहे. पुढे २०१५ च्या आदेशाने भरपाई व पुनर्वसन यांच्या तरतुदी रेल्वेलाही लागू झाल्या. परिणामांची पूर्वतपासणी मात्र बाहेरच राहिली. म्हणजे जमिनीचा मोबदला मिळेल, पण गावाचे काय होईल हे विचारण्याचे बंधन कोणावर नाही. रेल्वे कायद्याखाली विशेष प्रकल्प म्हणून जमीन घ्यावयाची असता अधिसूचना प्रसिद्ध होते, तिचा सारांश स्थानिक वृत्तपत्रांत येतो, आणि त्यापासून तीस दिवसांत हितसंबंधी व्यक्तीस हरकत नोंदविता येते. तीस दिवस! पेरणीच्या धांदलीत ते केव्हा उलटले हे कळतही नाही.

यास्तव हा प्रश्न सरकारइतकाच आपल्या घरांचाही आहे. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे पूर्वज याच मुलुखातले. कुटुंब पुण्यामुंबईस स्थायिक झाले, तरी वडिलार्जित जमिनीच्या उताऱ्यावर चार चुलत्यांची नावे अजून असतात, आणि त्यांतील दोघे निवर्तलेले असतात. अशी नोंद असता गावी जमीन कसणाऱ्या भावाची भरपाई वर्षानुवर्षे अडकून पडते. वारसनोंद वेळेवर करणे ही केवळ व्यवहारदक्षता नव्हे; तो भाऊबंदांविषयीचा धर्म आहे.

दुसरी गोष्ट बहिणींची. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि साऱ्या देशात २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. तथापि भरपाईची चाहूल लागताच तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई होते. ती मायेपोटी सही करते. पण मायेचा असा उपयोग करणे सुशिक्षितांस शोभत नाही.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मोबदला ठरविताना मागील तीन वर्षांतील नोंदविलेली खरेदीखते पाहतात, आणि चढत्या किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी धरतात. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खतात किंमत कमी लिहिण्याची चाल ज्या गावात पडली, तेथे हीच कमी किंमत साऱ्या गावाच्या भरपाईत उतरते. एकाने वाचविलेले शंभर रुपये शेजाऱ्याचे हजार बुडवितात.

आणि ज्यांच्या नावाचा उताराच नाही, त्या शेतमजुरांचे काय? कायद्याने आधीची तीन वर्षे त्या जमिनीवर पोट भरणाऱ्या कुळांस व मजुरांसही बाधित कुटुंबांत धरले आहे. परंतु त्यांच्याजवळ पुरावा नसतो. तो मिळवून देणे लिहितावाचता येणाऱ्यांच्याच हाती असते.

विलंबाने काय होते, याची दोन उदाहरणे जवळचीच आहेत. कोकण रेल्वेच्या वेळी गोव्यातील खाजण जमिनींविषयीचा वाद काम सुरू झाल्यावर पेटला. १९९३ साली काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी सोपवावी लागली. आणि अहिल्यानगर–बीड–परळी हा आपल्या शेजारचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर होऊनही बीडला पहिली गाडी पोहोचावयास १७ सप्टेंबर २०२५ उजाडले. तीस वर्षे म्हणजे एक पिढी होय. ज्या शेतावर रेषा आखली गेली त्याच्या मालकाला विहीर खणावी की न खणावी, घर बांधावे की नाही, हे कळेनासे होते. आणि त्या संभ्रमाची भरपाई कोणत्याही अनुसूचीत नाही.

म्हणून वाटेवरच्या प्रत्येक ग्रामसभेने आखणी हाती येताच तीन याद्या कराव्यात: पाणी वाहण्याच्या जागांची, रोजच्या वाटांची, आणि जमिनीवर पोट असणाऱ्या सर्व कुटुंबांची. त्या लेखी स्वरूपात मुदतीच्या आत द्याव्यात आणि पोच घ्यावी. गावी कोणी शिकलेला आप्त असेल त्याने आठ दिवस रजा काढून या कामी बसावे. भोकरदनच्या स्थानकावर एके दिवशी आपली नातवंडे उतरतील, तेव्हा रुळांच्या पलीकडील शेतकऱ्यालाही ती गाडी आपली वाटावी, यासाठी एवढे कष्ट फार नाहीत.