सोयाबीनचा भाव ठरतो कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या आडत बाजारात गेलात, तर एक प्रश्न हमखास कानावर पडेल : ‘काय निघाला भाव?’ माल शेतकऱ्याचा. पण कितीला द्यायचा हे तो सांगत नाही, काय निघाला ते विचारतो. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असं चालतं का हो?

भाव निघतो कुठून, ते बघू. सोयाबीन गाळलं की साधारण १८ टक्के तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. पेंड कोंबड्यांच्या खाद्याला आणि निर्यातीला जाते. म्हणून आपल्या भावाची दोरी ब्राझील-अर्जेंटिनाच्या पिकाला, इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाला आणि दिल्लीच्या आयात शुल्काला बांधलेली आहे. २०२१च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं. त्या ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला होता. दहा हजारांचा भाव मिळाला, तो ज्यांच्या गोदामात माल होता त्यांना. छोट्या शेतकऱ्याने रास केव्हाच विकली होती. पुढे सप्टेंबर २०२४मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं, आणि मे २०२५मध्ये पुन्हा १० टक्क्यांवर आलं.

आता समजा, अहमदपूरकडचं किंवा कंधारकडचं तीन एकरांचं एक घर आहे. एकरी सहा क्विंटल उतारा धरा, म्हणजे अठरा क्विंटल. २०२४-२५चा हमीभाव होता ४८९२ रुपये. बाजारात ४१०० धरला, तर फरक पडतो चौदा हजारांहून जास्त. हे चौदा हजार म्हणजे त्या घराचं हरभऱ्याचं बियाणं, खत आणि पोराची फी.

मग हमीभाव केंद्रावर का नेत नाहीत? नोंदणी करा, पाळीची वाट बघा, पैसे नंतर. शिवाय ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. परतीच्या पावसात बनीम भिजलेली असेल, तर तो आणायचा कुठून? नोव्हेंबर २०२४मध्ये ही अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली खरी, पण तोवर कित्येकांचं सोयाबीन आडतीवर उतरून गेलं होतं. कृषी दुकानाची उधारी, मळणीयंत्राचं भाडं, मजुरी, सगळे एकाच आठवड्यात दारात उभे राहतात.

पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. माल गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा टक्के व्याजाने. योजना चांगली आहे, पण अठरा क्विंटल घेऊन गोदामाच्या गावापर्यंत टेम्पो कोण करणार? राज्यातली सरासरी जमीनधारणा १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६मध्ये १.३४ उरली. तुकडा लहान झाला, ट्रॅक्टरचं भाडं काही लहान झालं नाही.

पूर्वी याच रानात ज्वारी, तूर, मूग, उडीद असे. भाव पडला तरी कणगीत दाणे आणि जनावराला कडबा राहायचा. सोयाबीन घरी खाता येत नाही. ते विकूनच ज्वारी आणावी लागते, आणि तेलाची पिशवीसुद्धा. दोन-चार गावांनी मिळून एक टेम्पो केला, तर तारण गोदाम परवडतं. यंदा रास होण्याआधीच गटात हा विषय काढून बघा.