बॅटरी शून्यावर आणू नका

बंगळुरूच्या जे. पी. नगरात सॉफ्टवेअरच्या नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी घरांतही एक सल्ला हमखास मिळतो: फोन पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नकोस. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि या सल्ल्याची गरज संपली. उलट, वारंवार शून्यावर नेल्याने ही बॅटरी लवकर थकते.

चार्जिंग होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा असतो. बॅटरी काठोकाठ भरलेली आणि तापलेली असेल, तर तो झपाट्याने जाड होतो. त्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामी येत नाही. क्षमता घटते ती मुख्यतः त्यामुळे.

म्हणून मला रात्रभरच्या चार्जिंगपेक्षा उन्हाची काळजी जास्त वाटते. बॅटरी भरली की फोन स्वतःच प्रवाह रोखतो. पण बन्नेरघट्टा रोडवर दुचाकीच्या हँडलला अडकवलेला, नकाशा आणि चार्जिंग दोन्ही चालू असलेला फोन भर दुपारी चटके देतो. डिलिव्हरीवाल्या पोरांची तर ती रोजीरोटी. त्यांनी निदान सिग्नलला फोन सावलीत धरावा, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावे. बऱ्याच नव्या फोनांच्या सेटिंगमध्ये तशी मर्यादा घालता येते.