त्वचेवर लावावयाची बधिरक औषधे : मात्रा, काल आणि बंधन

अंगाला लावावयाच्या औषधाबद्दल आपल्याकडे एक प्रकारची निर्धास्तता आढळते. पोटात घ्यावयाची गोळी रुग्ण चार वेळा विचारून घेतो. मलम मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून लावतो. औषधी दुकानातही गोळीच्या पाकिटावर ‘सकाळ-संध्याकाळ’ असे लिहून मिळते, मलमाची ट्यूब तशीच पिशवीत पडते. कंबरदुखी, टाचदुखी, गुदभागाची आग, तोंड येणे, बाळाचे दात, कान टोचणे अशा नाना निमित्तांनी त्वचा बधिर करणारी, किंवा बधिर केल्याचा भास निर्माण करणारी औषधे चिठ्ठीवाचून घरोघर जात असतात. त्यांतील काही आधुनिक वैद्यकाची, तर कित्येक आपल्याच आयुर्वेदीय परवान्याखाली तयार झालेली असतात. तेव्हा वैद्य आणि औषधी विक्रेते या दोघांनीही या विषयाचा एकत्र विचार करणे अगत्याचे आहे.

कर्मभेद

ज्यांना आपण सरसकट बधिर करणारी मलमे म्हणतो, त्यांची कर्मे भिन्न आहेत. लिग्नोकेन हे खरे बधिरक होय. स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये तयार केले आणि १९४८ पासून ते बाजारात आले. चेतातंतूंच्या आवरणातील सोडियमचे मार्ग ते रोखून धरते, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे जातच नाही. बेन्झोकेन, प्रिलोकेन, सिंकोकेन ही त्याच कर्माची भावंडे. पुदिनासत्त्वाचे तसे नाही. ते शीत स्पर्श जाणणाऱ्या ग्राहकांना चेतवते. त्वचा प्रत्यक्षात थंड झालेली नसते. थंडाव्याची जाणीव तेवढी होते आणि तिच्याखाली मूळ वेदना झाकली जाते. मिरचीतील कॅप्सेसिन उष्ण स्पर्श जाणणाऱ्या ग्राहकावर याच पद्धतीने कार्य करते. गंधपुरा तेल, म्हणजे जवळजवळ शुद्ध मिथाइल सॅलिसिलेट, त्वचेवर सौम्य दाह उत्पन्न करून खोलवरच्या वेदनेवरून लक्ष काढून घेते. शिवाय त्वचेतून शोषले जाऊन ॲस्पिरिनच्या जातीचे कार्यही करते.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. लिग्नोकेन लावलेल्या जागी रुग्णाला चटका, दाब, जखम कळत नाही. बामाच्या बाबतीत मात्र चुणचुण हेच तो गुण येत असल्याचे लक्षण मानतो आणि ती ओसरली की पुन्हा चोळतो. एकात धोका न कळण्याचा आहे, दुसऱ्यात अतिमात्रेचा.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. पुदिनासत्त्व, ओव्याचे सत्त्व आणि कापूर हे तीन घन पदार्थ एकत्र करताच द्रवरूप होतात, ही अमृतधारेची किमया आपण सारेच जाणतो. टाके घालण्यापूर्वी वा सुई टोचण्यापूर्वी लावतात त्या लिग्नोकेन-प्रिलोकेनच्या मलमात हेच तत्त्व योजलेले आहे. दोन्ही द्रव्यांचे स्फटिक समभाग मिसळले की तेलासारखा द्रव होतो, आणि म्हणूनच ते अखंड त्वचेतून आत शिरू शकते. जे द्रव्य अखंड त्वचा ओलांडते ते रक्तातही पोहोचणारच, हे मात्र दोन्हीकडे सारखेच खरे.

बंधन आणि स्वेद

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २००७ मध्ये एक जाहीर सूचना काढली होती. २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणींनी लेसरने केस काढून घेण्यापूर्वी पायांना बधिरक जेल फासले आणि सांगितल्याप्रमाणे वरून प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळला. दोघींनाही झटके आले, त्या बेशुद्ध झाल्या आणि पुढे मरण पावल्या. औषध पोटात गेले नव्हते, टोचलेलेही नव्हते. तीव्र मात्रा, विस्तीर्ण क्षेत्र, दीर्घ काल आणि वरून बंधन या चार गोष्टी एकत्र आल्या, एवढेच. मार्च २०२४ मध्ये त्याच प्रशासनाने ४ टक्क्यांहून अधिक लिग्नोकेन असलेली, चिठ्ठीवाचून विकली जाणारी काही सौंदर्योपचाराची मलमे वापरू नयेत असा इशारा पुन्हा दिला.

हे परदेशातील लेसरचे प्रकरण म्हणून सोडून देण्याजोगे नाही. आपल्या घरांतून काय होते ते आठवावे. कंबरेला बाम चोळला जातो, त्यावर एरंडाचे किंवा रुईचे पान तापवून ठेवले जाते, वरून फडके घट्ट बांधले जाते, आणि पुन्हा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक! प्लॅस्टिकच्या कागदाने जे होते तेच पानाने आणि फडक्याने होते. उष्णतेने त्वचेतील रक्तप्रवाह वाढतो व शोषण वाढते; घाम बाहेर पडू न शकल्याने त्वचा भिजून तिचा अटकाव आणखी ढिला होतो. पानाच्या बंधनाला किंवा शेकाला माझा मुळीच विरोध नाही. विरोध आहे तो तीव्र बाम आणि शेक एकाच वेळी करण्याला. पंचकर्म विभागातही अभ्यंग-स्वेदनानंतर लगेच पुदिनासत्त्वयुक्त मलम चोळण्याची प्रथा काही ठिकाणी रूढ होत आहे. ती बंद करावी. त्वचा कोरडी होऊन पूर्ववत थंड होईपर्यंत असे काही लावू नये.

त्याच प्रशासनाने सप्टेंबर २०१२ मध्ये स्नायू व सांध्यांच्या वेदनेवर लावावयाच्या औषधांनी त्वचा भाजल्याच्या ४३ घटनांची नोंद जाहीर केली. काहींना एकदाच लावल्यावर फोड आले. गंभीर भाजण्याच्या बहुतेक घटनांत पुदिनासत्त्व ३ टक्क्यांहून अधिक, किंवा त्याच्या जोडीला मिथाइल सॅलिसिलेट १० टक्क्यांहून अधिक होते. आपल्या दुकानातील बामांवरील घटकांची यादी या दृष्टीने एकदा वाचून पाहावी. तेथे इंग्रजी नाव नसते, ‘पुदिना के फूल’ आणि ‘गंधपुरा तेल’ असते. पण द्रव्य तेच.

लेपाबद्दल आपल्या ग्रंथकारांनी घालून दिलेली शिस्त या संदर्भात फार मोलाची वाटते. सुश्रुताचार्यांनी रात्री लेप लावू नये आणि वाळलेला लेप अंगावर राहू देऊ नये, असे सूत्रस्थानात सांगितले आहे. शार्ङ्गधराने तर लेपाची जाडी अंगुलाच्या भागांत मोजून दिली : दोषघ्न लेप पाव अंगुल, विषघ्न एक तृतीयांश, वर्ण्य अर्धा. बाह्य औषधालाही प्रमाण आणि काल असतो, हे ज्या शास्त्राने इतक्या आधी सांगितले, त्याच शास्त्राच्या नावाने विकले जाणारे बाम रात्रभर थापून झोपावे हे विसंगत नव्हे काय?

‘वनस्पतिज आहे, अपाय नाही’

असे म्हणणारा विक्रेता गंधपुरा तेलाचा हिशोब करून पाहील तर दचकेल. या तेलाच्या ५ मिलिलिटरमध्ये, म्हणजे एका चहाच्या चमच्यात, सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतके सॅलिसिलेट असते. साध्या ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्या एका चमच्यात! लहान मूल एवढ्याने दगावू शकते. सांधेदुखीच्या तेलात घालण्यासाठी ते सुटे विकत घेणारे बरेच असतात. ते काचेच्या साध्या बाटलीत, लेबलाविना, स्वयंपाकघराच्या फळीवर जाता कामा नये. त्वचेतूनही ते बेताबाहेर जाऊ शकते. २००७ मध्ये न्यूयॉर्कमधील १७ वर्षांच्या एका धावपटू मुलीचा मृत्यू मिथाइल सॅलिसिलेटच्या अतिमात्रेमुळे झाल्याचे तेथील वैद्यकीय परीक्षकांनी सांगितले; ती स्नायुदुखीची मलमे फार मोठ्या प्रमाणात वापरत असे. हृदयाची झडप बदललेले व रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणारे रुग्ण आता तालुक्याच्या गावीही भेटतात. त्यांनी असा बाम रोज गुडघ्यांना चोळला तर वॉरफॅरिनचे कार्य वाढून रक्तस्राव होऊ शकतो. बाम मागणाऱ्या वृद्धाला ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’ एवढे विचारावेच.

कापराचे तसेच. पोटात गेल्यास थोड्याच वेळात झटके येतात. लहान मुलांत सुमारे १ ग्रॅम कापूरही घातक ठरलेला आहे. अशा वेळी घरचे लोक मिठाचे पाणी पाजून उलटी करवू पाहतात. ते करू नये, कारण उलटी होत असतानाच झटका येण्याचा संभव असतो. मुलाला थेट रुग्णालयात न्यावे. २ वर्षांखालील बालकाच्या नाकाजवळ, छातीवर वा ओठांवर कापूर-पुदिनासत्त्वाचे मलम लावू नये. श्वास अडखळण्याची भीती असते. एप्रिल २०२१ मध्ये कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने प्राणवायू वाढतो असा संदेश घरोघर फिरला आणि कित्येक पाळण्यांना अशा पुरचुंड्या बांधल्या गेल्या. त्या दाव्याला काहीही आधार नव्हता.

बालक, गुदभाग आणि मधुमेह

कर्णवेध सहाव्या वा सातव्या महिन्यात करावा असे सुश्रुताचे वचन आहे आणि आपल्यापैकी अनेक जण तो करतात. हल्ली पालक आधीच बधिरक मलम लावून बाळाला घेऊन येतात. ५ किलोहून अधिक वजनाच्या, ३ ते १२ महिन्यांच्या बाळाला लिग्नोकेन-प्रिलोकेन मलमाची कमाल मर्यादा सर्व मिळून २ ग्रॅम, २० चौरस सेंटिमीटर क्षेत्र आणि ४ तास एवढी आहे. बाळाला सल्फा जातीचे औषध चालू असल्यास ते लावूच नये. प्रिलोकेन व बेन्झोकेन यांमुळे रक्तातील हिमोग्लोबिनचे रूपांतर मेथहिमोग्लोबिनमध्ये होते आणि ते प्राणवायू पेशींना देऊ शकत नाही. माझे स्पष्ट मत असे की, कर्णवेधास या मलमाची गरज नाही. बाळाला मांडीवर घेऊन खेळण्यात रमवावे आणि हलक्या हाताने वेध करावा, हीच प्राचीन रीत पुरेशी आहे. दात येताना हिरड्यांना बेन्झोकेनचे जेल लावू नये. अमेरिकेत २ वर्षांखालील मुलांसाठी त्याची विक्री थांबविण्यास २०१८ मध्ये सांगण्यात आले. तोंड आल्यावरचे कोलीन सॅलिसिलेटयुक्त जेल १६ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा सल्ला ब्रिटनच्या औषध नियामकांनी २००९ मध्ये दिला.

परिकर्तिकेच्या रुग्णांचा विषय क्षारसूत्र करणाऱ्या वैद्यांच्या रोजच्या परिचयाचा आहे. लाजेपोटी रुग्ण दुकानातून लिग्नोकेनचे मलम आणतो आणि महिनोन् महिने लावतो. ५ टक्के मलमाची एका वेळची कमाल मात्रा प्रौढास ५ ग्रॅम, म्हणजे ट्यूबमधून सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची वळी, आणि दिवसभरात १७ ते २० ग्रॅम सांगितली आहे. गुदभागी याच्या कितीतरी कमी पुरते, आणि श्लेष्मल त्वचेतून शोषण जलद होत असल्याने कमीच लावावे. बेन्झोकेन व सिंकोकेन यांनी पुष्कळांना वावडे उत्पन्न होऊन खाज व पुरळ येते. रुग्ण ते मूळ रोगाचेच लक्षण समजून आणखी लावतो आणि चक्र चालू राहते. याहून गंभीर गोष्ट अशी की, वेदना थांबल्याने तपासणी टळते. चाळिशी उलटलेला, रक्त जाणारा, मलप्रवृत्तीची सवय बदललेला मनुष्य तिसऱ्यांदा तीच ट्यूब मागू लागला तर विक्रेत्याने ती देण्यापेक्षा त्याला वैद्याकडे धाडावे. गुदाच्या कर्करोगाचे निदान अशाच ट्यूबांमागे लांबत असते. सर्वसाधारणपणे ७ दिवसांत आराम न पडणारी वेदना घरच्या मलमाची राहिलेली नाही, असे समजावे.

मधुमेही पायाचा प्रकार उलटा आहे. तेथे सुप्ति आधीच असते. माझ्याकडे आलेल्या एका ऊस उत्पादक गृहस्थांनी टाचेला बाम लावून, मोजा चढवून गरम पाण्याच्या पिशवीवर पाय ठेवला होता. फोड त्यांना दिसला तो सकाळी मोजा काढताना. व्रण भरून येण्यास तीन महिने लागले. अशा रुग्णाच्या पायाला बाम, बधिरक मलम आणि शेक तिन्ही वर्ज्य सांगावेत. अग्निकर्मापूर्वी त्वचा बधिर करणाऱ्या वैद्यांनीही हाच विचार करावा, असे मला वाटते; दाह किती झाला हे सांगणारी रुग्णाची जाणीवच आपण काढून घेत असतो.

विषलक्षणे

लिग्नोकेन रक्तात वाढू लागले की प्रथम ओठांभोवती मुंग्या, तोंडाला धातूसारखी चव, कानांत आवाज, जडत्व व बोबडेपणा येतो. पुढे स्नायू फुरफुरतात, झटके येतात, हृदयाची गती बिघडते. पहिल्याच लक्षणाला मलम पुसून साबणाने जागा धुवावी आणि रुग्णाला रुग्णालयात हलवावे. मेथहिमोग्लोबिन वाढल्यास ओठ-नखे निळसर दिसतात आणि रक्त तांबूस-तपकिरी, चॉकलेटच्या रंगाचे येते. प्राणवायू देऊनही निळेपणा हटत नाही. कोविडनंतर प्रत्येक चिकित्सालयात आलेल्या बोटावरच्या यंत्रात आकडा ८५ च्या आसपास खिळून राहतो. त्यावरील मिथिलिन ब्लू हे औषध शिरेतून, रुग्णालयातच द्यावयाचे असते आणि जी-६-पी-डी या विकराची कमतरता असलेल्यास ते चालत नाही. म्हणून मलमाची रिकामी ट्यूब वा वेष्टन रुग्णासोबत पाठवावे.

औषधनिर्मिती करणाऱ्या सभासदांसाठी एक सूचना. आयुर्वेदीय प्रोप्रायटरी औषधात अधिकृत ग्रंथांतील द्रव्येच असावीत, असे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा सांगतो. ‘गुण लवकर यावा’ म्हणून मूळव्याधीच्या वा वेदनेच्या मलमात लिग्नोकेन मिसळणे गुन्हा तर आहेच. रुग्णाला व तपासणाऱ्या वैद्याला त्याचा पत्ता नसल्याने ते अधिक घातक ठरते.

बधिरक पट्ट्यांबद्दल थोडे. ५ टक्के लिग्नोकेनच्या एका पट्टीत ७०० मिलिग्रॅम औषध असते. एका वेळी तीनपेक्षा अधिक पट्ट्या लावू नयेत आणि २४ तासांत १२ तासांहून अधिक काळ ठेवू नयेत. त्यावर शेक घेऊ नये. १२ तासांनी काढलेल्या पट्टीतही सुमारे ९५ टक्के औषध शिल्लक असते. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडावी, कागदात गुंडाळावी आणि रांगत्या मुलाच्या व घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही अशा झाकणाच्या डब्यातच टाकावी.