विद्याधन, बॅरिस्टर जयकर आणि १९३० चा कायदा

जुन्या घराण्याच्या दप्तरांत एखादें वाटणीपत्र किंवा एखादी फारखत बहुधा असावयाचीच. संग्राहक त्यांतील नांवें, गांवें व तिथि टिपून घेतो आणि कागद बाजूस ठेवतो. परंतु अशा कागदांत एखाद्या भावानें स्वतः मिळविलेलें धन त्याजकडेच ठेवावें, किंवा उलट तें सर्वांत वांटावें, या आशयाचें कलम असेल तर कायद्याचा इतिहास ठाऊक असल्यावांचून त्याचा अर्थ नीट लागत नाहीं. या कलमाच्या मुळाशीं पुष्कळदां विद्याधनाचा प्रश्न असतो. विज्ञानेश्वरापासून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत चालत आलेल्या या प्रश्नाचा निकाल बॅ. मुकुंद रामराव जयकर यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत आणलेल्या बिलानें १९३० सालीं लागला. त्या कायद्याचें स्वरूप काय, त्यामागील ग्रंथपरंपरा कोणती आणि कन्नडसारख्या तत्कालीन निजामी मुलखांतील कागद वाचतांना त्याचा उपयोग कसा करावा, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रश्न सांगावयास सोपा आहे. एकत्र कुटुंबांतील एक भाऊ शिकला, वकील किंवा मुनसफ झाला आणि त्यानें पैसा मिळविला. हा पैसा एकट्याचा कीं सर्व भावांचा? विद्येनें मिळविलेलें धन मिळविणाराचें, असें मनूनें सांगितलें आहे. याज्ञवल्क्यानें पितृद्रव्यास बाध न आणतां मिळविलेलें तेवढें भावांच्या वांट्यांतून वगळलें. कात्यायनानें विद्याधनाची व्याख्याच केली. परक्याचें अन्न खाऊन व परक्यापाशीं शिकून संपादिलेल्या विद्येनें जें मिळतें तें विद्याधन. शिष्याकडून, ऋत्विजाच्या कर्माबद्दल, शंकेचा निर्णय केल्याबद्दल किंवा वादांत जिंकून मिळालेलें द्रव्य त्यांत येतें. घरांतच वडिलांपाशीं किंवा कुळांत शिकलेल्यांची मिळकत मात्र त्याच्या मतें वांटणीस पात्र आहे. कात्यायनाची स्मृति आज स्वतंत्र ग्रंथरूपानें उपलब्ध नाहीं. निबंधकारांच्या उताऱ्यांतून तिचीं व्यवहारविषयक वचनें वेंचून म. म. पां. वा. काणे यांनीं १९३३ सालीं प्रसिद्ध केलीं. हस्तलिखितांतील एकेका अवतरणाचें मोल किती, हें यावरून ध्यानांत यावें.

या सर्वांत नारदाचें मत आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. एक भाऊ विद्या शिकत असतां दुसऱ्यानें त्याचें कुटुंब पोसलें, तर पोसणारा स्वतः अक्षरशत्रु असला तरी त्या विद्याधनांत त्याचा भाग आहे, असें तो म्हणतो. शेतावर राबणाऱ्या भावाची बाजू येथें स्पष्ट शब्दांत मांडली गेली आहे. पुढील सर्व वादांत हा भाऊ कोठें तरी उभा आहेच.

स्मृतींच्या या वचनांवर दोन ग्रंथांनीं महाराष्ट्रांतील व्यवहार चालविला. पहिला विज्ञानेश्वराची मिताक्षरा. ती चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या कारकीर्दींत (१०७६ ते ११२६) कल्याणी येथें लिहिली गेली. दुसरा नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख. हा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला असून 'भगवंतभास्कर' या बारा मयूखांच्या ग्रंथांतील एक भाग आहे. नीलकंठानें तो काशीच्या वास्तव्यांत रचला, पण त्याचें भट्ट घराणें मूळचें पैठणचें. त्याचा पणजा रामेश्वरभट्ट पैठण सोडून अखेर काशीस स्थायिक झाला. रामेश्वराचा पुत्र नारायणभट्ट, त्याचा शंकरभट्ट आणि त्याचा नीलकंठ, असा हा वंश आहे. पैठण व कन्नड हे दोन्ही तालुके पूर्वीं औरंगाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आतांच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतले. गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें मयूखास अग्रमान, तर उर्वरित महाराष्ट्रांत मिताक्षरेस पहिलें व मयूखास दुसरें स्थान, अशी इंग्रजी न्यायालयांनीं व्यवस्था लाविली होती. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक यांनीं १८८० सालीं मयूख व याज्ञवल्क्यस्मृति यांचें इंग्रजी भाषांतर काढिलें, तेंही या न्यायालयीन गरजेपोटींच.

विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्याचा 'पितृद्रव्यास बाध न आणतां' हा निर्बंध विद्याधनासही लाविला. म्हणजे वडिलांच्या पैशानें शिकून मिळविलेलें धन सर्वांचें ठरलें. कोलब्रुकनें १८१० सालीं मिताक्षरेच्या दायभागप्रकरणाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यावर हाच अर्थ इंग्रज न्यायाधीशांच्या हातीं पडला. गुरुगृहीं भिक्षा मागून शिकणाराच्या काळीं या नियमानें फारसें बिघडत नसे. पण फी भरून शाळेंत, कॉलेजांत व पुढें विलायतेंत शिकण्याचा काळ आल्यावर घरच्या पैशावांचून शिकलेला मनुष्य सांपडणें कठीण झालें, आणि अपवाद तोच नियम होऊं लागला.

यांतून वाट काढण्यासाठीं न्यायालयांनीं भेद कल्पिला. मुंबई हायकोर्टानें १८८२ च्या एका निकालांत साधारण प्राथमिक शिक्षण वेगळें आणि एखाद्या धंद्याची विशेष विद्या वेगळी, असें मानिलें. पहिलें घरच्या पैशानें मिळालें असलें तरी मिळकत स्वतंत्र राही; दुसऱ्याच्या बाबतींत ती सामाईक होण्याचें भय असे. ही सीमारेषा कोठें आंखावयाची, हें प्रत्येक खटल्यांत नव्यानें ठरवावें लागे. मद्रासच्या कायदेकौन्सिलांत भाष्यम् अय्यंगार यांनीं याच विषयावर बिल आणून तें मंजूरही करून घेतलें, परंतु गव्हर्नरानें संमति नाकारल्यामुळें तें फुकट गेलें. पुढें १९२१ सालीं पंजाबांतील गोकुळचंद विरुद्ध हुकुमचंद या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलानें शेवटचा शब्द उच्चारला. कुटुंबाच्या पैशानें विलायतेस जाऊन सिव्हिल सर्व्हिसांत शिरलेल्या मनुष्याची मिळकत सामाईक कुटुंबाची ठरली. सुशिक्षित वर्गांत या निकालानें मोठी अस्वस्थता पसरली.

येथें जयकरांचें कार्य सुरू होतें. १८७३ सालीं जन्मलेले हे मुंबईचे बॅरिस्टर १९२३ पासून मुंबई कायदेकौन्सिलांत स्वराज्यपक्षाचे पुढारी होते, व १९२६ पासून मध्यवर्ती असेंब्लीचे सभासद झाले. वेदान्ताचा त्यांचा व्यासंग प्रसिद्ध होता. त्यांचें बिल १९३० चा ३० वा कायदा म्हणून जुलैंत अमलांत आलें. त्याच सुमारास ते सर तेजबहादूर सप्रू यांजसह गांधीजींशीं तडजोडीचें बोलणें करण्यास येरवड्याच्या तुरुंगांत जात होते. पुढें १९३७ सालीं ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले.

कायदा अवघा चार कलमांचा आहे. दुसऱ्या कलमांतील व्याख्येनें प्राथमिक व विशेष विद्या हा जुना भेद पुसून टाकिला. विद्या म्हणजे प्राथमिक, शास्त्रीय, धंदेविषयक, विशेष अथवा सामान्य असें कोणतेंही शिक्षण, तसेंच उपजीविकेस उपयोगी पडणारें कोणतेंही वळण. अशा विद्येच्या बळावर मुख्यतः मिळविलेलें द्रव्य तें विद्याधन, मग तें कायद्यापूर्वीं मिळविलेलें असो वा नंतर. तिसरें कलम हा कायद्याचा गाभा आहे. हिंदुधर्मशास्त्रांतील कोणतीही रूढि, नियम किंवा अर्थनिर्णय कांहींही असो, घरच्या मनुष्यानें शिकविलें, घरच्या पैशानें शिकविलें, किंवा शिकत असतां त्याचें वा त्याच्या कुटुंबाचें पोषण घरच्या पैशानें झालें, एवढ्याच कारणावरून विद्याधन मिळविणाराचें स्वतंत्र धन नव्हे असें मानूं नये, असें त्याचें तात्पर्य आहे. चौथ्या कलमानें पूर्वीं झालेलीं हस्तांतरें व वांटण्या यांस संरक्षण दिलें.

या शब्दयोजनेंत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, जयकरांनीं एकही स्मृतिवचन रद्द केलें नाहीं. त्यांचा रोख वचनाच्या अर्थनिर्णयावर होता. मनूचें मूळ वचन आणि नवा कायदा यांची एकवाक्यता यामुळें सहज होऊं शकली. दुसरी गोष्ट 'एवढ्याच कारणावरून' ही मर्यादा. घरच्या भांडवलावर दुकान चालविलें किंवा स्वतःची मिळकत सामाईक खात्यांत मिसळून टाकिली, तर तें द्रव्य पूर्वींप्रमाणेंच सामाईक ठरूं शके. विद्येचा खर्च हें एकच कारण कायद्यानें बाद केलें, एकत्र कुटुंब मोडलें नाहीं.

या सुधारणेचा खरा लाभ कोणास झाला? कमावत्या पुरुषास झालाच, पण त्याहून अधिक त्याच्या विधवेस व मुलींस झाला असें आमचें मत आहे. निपुत्रिक भाऊ अविभक्त असतां वारला तर सामाईक मिळकतींतील त्याचा अंश मागें राहिलेल्या भावांकडे जाई. त्याचें स्वतंत्र धन मात्र विधवेकडे जाई. हा भेद प्रिव्ही कौन्सिलानें १८६३ च्या शिवगंगा खटल्यांत ठरविला होता. म्हणून एखाद्या वकिलाचें घर सामाईक कीं स्वतंत्र, यावर त्याच्या विधवेनें त्या घरांत मालकीण म्हणून राहावयाचें कीं दिरांची आश्रित म्हणून, हें अवलंबून असे. डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या १९३७ च्या कायद्यानें विधवेस सामाईक मिळकतींतही हक्क दिला. तोंपर्यंतचीं सात वर्षें जयकरांचा कायदा हाच तिचा मोठा आधार होता.

उलटपक्षीं नारदाचा तो अक्षरशत्रु भाऊ या कायद्यांत निराधार झाला, हेंही नमूद केलें पाहिजे. ज्यानें नांगर धरून धाकट्याची फी भरली, त्यास विद्याधनांत हक्कानें मागण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. त्याच्यासाठीं एखादा ठराविक अंश राखून ठेवणें अशक्य नव्हतें; नारदाचें वचन त्यास आधारही होतें. कायद्यानें अनिश्चितता संपविली, पण तिची किंमत या भावानें दिली. सुधारणेचें मोजमाप करतांना दोन्ही बाजू पाहाव्या.

आतां कन्नडकडे वळूं. कन्नडहून उत्तरेस औट्रम घाट उतरला कीं चाळीसगांव लागतें. १९३० सालीं चाळीसगांव ब्रिटिश मुलखांतील पूर्व खानदेशांत होतें व कन्नड निजामाच्या राज्यांत. असेंब्लीचा कायदा घाटाखालीं लागू झाला. घाटावर तो आपोआप चढला नाहीं. निजामाचीं न्यायालयें निराळीं, अखेरचें अपील ऐकणारी त्यांची ज्युडिशियल कमिटीही हैदराबादेस. त्यामुळें प्रिव्ही कौन्सिलाचा १९२१ चा निकाल तेथें बंधनकारक नव्हता आणि तो फिरविणारा १९३० चा कायदाही नव्हता. यांत एक विलक्षण योग असा कीं, मिताक्षरा जेथें लिहिली गेली तें कल्याणी आणि मयूखकाराच्या पूर्वजांचें पैठण, हीं दोन्ही स्थळें निजामाच्याच राज्यांत होतीं. ज्या भूमींतून वादाचे आधारग्रंथ निघाले, तेथें त्या वादाचा निकाल पोहोंचला नव्हता.

यावरून संग्राहकांस कांहीं व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. वाटणीचा कागद १९३० नंतरचा असेल, तर मिळकत घाटाच्या कोणत्या बाजूस होती हें प्रथम पाहावें. कन्नड तालुक्यांतील कागदास जयकरांचा कायदा गृहीत धरून लावूं नये. शिक्षणाचा खर्च कोणी केला, याचा उल्लेख असल्यास तो शब्दशः उतरून घ्यावा, कारण जुन्या नियमांत सारा निर्णय त्यावरच असे. कुळकर्ण, जोसपण यांसारखीं वतनें व वृत्ति विद्याधनांत मोडूं नयेत. तीं वंशपरंपरेचीं असून त्यांची वांटणी अंशांनीं किंवा पाळीनें होई. निजामी दप्तरांत मूळ मसुदा मोडींत व सरकारी नोंद फारसी किंवा उर्दूंत असूं शकते. दोन्ही मिळाल्यास ताडून पाहावीं, कारण 'स्वकष्टार्जित' या एका शब्दाच्या भाषांतरानें हक्क बदलतो.

वचन तेंच राहून त्याच्या अर्थानें घरें उभीं राहिलीं आणि घरें मोडलीं, हें या प्रकरणावरून दिसून येतें. कायदेमंडळांतील चर्चेचीं पुस्तकें ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. त्या चर्चेचा विषय झालेले भाऊ, त्यांच्या विधवा आणि त्यांचीं कलमें मात्र घरोघरच्या पेट्यांत आहेत. दोन्हींची सांगड घातल्यावांचून विद्याधनाचा इतिहास पुरा होणार नाहीं.