घुमाऱ्याची पेटी

वर्गात ध्वनिसिद्धान्त शिकवताना मी घंटेचा दाखला देतो. टोला एकदाच पडतो, पण नाद मागे रेंगाळतो. या रेंगाळण्याला साहित्यशास्त्रात 'अनुरणन' म्हणतात. हीच विद्या मला एके दिवशी डाख लावायला बसवील, असे मात्र स्वप्नातही वाटले नव्हते!

झाले असे, की भाच्याने घरीच व्हॉल्व्हचा गिटार-ॲम्प्लिफायर बनवला. आवाज खणखणीत, पण कोरडा. उघड्या माळावर गावे तसा. "मामा, याला रिव्हर्ब हवा," तो म्हणाला. रिव्हर्ब म्हणजे आपला घुमारा. गोलघुमटात हाक पुन्हापुन्हा सुटी ऐकू येते तो प्रतिध्वनी. गाभाऱ्यात सूर एकमेकांत विरघळतात तो घुमारा.

पण गाभारा पेटीत बसवायचा कसा? युक्ती अमेरिकेतली. ऑर्गन बनवणाऱ्या लॉरेन्स हॅमंडने घुमाऱ्यासाठी स्प्रिंगा कामाला लावल्या. पुढे फेंडरने १९६१ साली गिटारसाठी सुटी रिव्हर्ब-पेटी काढली आणि १९६३ मध्ये 'व्हायब्रोव्हर्ब' ॲम्प्लिफायरच्या पोटातच ती सोय केली. आम्ही गिरवला तो हाच कित्ता.

सुमारे १७ इंच लांबीच्या पत्र्याच्या पेटीत बारीक स्प्रिंगा ताणलेल्या असतात. गिटारचा थोडा आवाज '१२ एटी ७' या व्हॉल्व्हकडे वळवायचा. त्याचे दोन्ही भाग एकत्र जोडले, की छोट्या ट्रान्सफॉर्मरमार्फत पेटीतल्या कॉइलला पुरेसा जोर मिळतो. कॉइलमुळे इवलेसे चुंबक थरथरते, स्प्रिंगेला पीळ बसतो, आणि ती थरथर दुसऱ्या टोकाला काही सहस्रांश सेकंद उशिरा पोचते. तिथून परतते, पुन्हा येते. स्प्रिंगा मुद्दाम कमीजास्त वेगाच्या घेतात. एकच असती तर तिची पुनरुक्ती कानाला लगेच कळली असती. शेवटी आवाज इतका क्षीण होतो, की '१२ एएक्स ७' च्या अर्ध्या भागाने तो वाढवून मूळ आवाजात मिसळावा लागतो.

सगळे जोडले, बटण दाबले, आणि घुमाऱ्याऐवजी ऐकू आली अखंड गुणगुण! मी प्लग काढला आणि सरळ आत हात घालू लागलो.

"मामा, हात काढ!" भाचा ओरडलाच.

प्लग काढला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये तीन-चारशे व्होल्ट दडून बसू शकतात. त्याने रेझिस्टरमधून ते निचरून टाकले, मीटर लावून शून्य दाखवले, आणि मगच मला बोट लावू दिले. माझी एम.ए. तिथे काय कामाची? ज्याला एवढे ठाऊक नाही त्याने झाकण उघडू नये, हेच खरे.

गुणगुणीचे कारण तसे क्षुल्लक निघाले. पेटीचे घेणारे टोक नेमके मोठ्या ट्रान्सफॉर्मरला खेटून होते. पेटी उलटी फिरवली आणि गुणगुण ओसरली. भाच्याने तार छेडली. सूर खोलीतून निघायलाच तयार नव्हता! उत्साहात माझा पाय खोक्याला लागला, तर आत भांड्यांची उतरंड कोसळल्यागत गडगडाट. स्वयंपाकघरातून बहीण धावत आली.

अजूनही तो वाजवतो तेव्हा घुमाऱ्याचे बटण आणखी थोडे पुढे असावे, असे मला वाटते. तो तीनच्या पुढे जाऊ देत नाही.