मोखाड्याचा ड कुठे गेला?

मधोमध दुभंगलेल्या कीबोर्डची दोन शकलं खुर्चीच्या दोन हातांवर बसवली की आधी बदलतं ते बसणं. टेबलावर ओणवं व्हावं लागत नाही. पाठ टेकते, खांदे उघडे राहतात, मनगटं मुरडत नाहीत. काही कीबोर्डांत शकलाच्या पोटाला कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा असतो तसा आटा असतो, त्यात क्लॅम्प अडकवून तो खुर्चीच्या हाताला आवळायचा. पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या घराघरातली प्लास्टिकची खुर्ची मात्र इथे नापास. तिचा हात लवतो आणि शकल डुगडुगतं. लाकडी नाहीतर लोखंडी हात हवा.

बोटं जुळायला वेळ घेतात, पण मराठीची गंमत अशी की आपला इनस्क्रिप्ट हा कळमांडणीचा आराखडा आधीपासूनच दुभंगलेला आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ साली आखला, १९९१ च्या भारतीय मानकातही तो आला. डाव्या हाताला स्वर, काना-मात्रा आणि हलन्त, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. इंग्रजीच्या मांडणीत असली वाटणी नाही. ‘जव्हार’ टंकून पाहा: ज उजवीकडे, व आणि हलन्त डावीकडे, ह उजवीकडे, काना डावीकडे, र उजवीकडे. व हे त्या डावीकडच्या मोजक्या व्यंजनांपैकी एक. इंग्रजी बी त्याच कळीवर असल्यामुळे अनेकांना ती उजव्या बोटाने दाबायची खोड असते. इथे ते बोट हवेत जातं.

आता ‘मोखाडा’. म, ओकार, ख, काना इथवर ठीक, आणि पुढे ड नाही! इनस्क्रिप्टमध्ये ड चौकोनी कंसाच्या कळीवर, म्हणजे ज च्या उजवीकडे. इंग्रजीची सव्वीस अक्षरं भागली की झालं, या हिशेबाने केलेल्या ४२ कळांच्या छोट्या दुभंगलेल्या कीबोर्डांत त्या जागी बहुधा बॅकस्पेस असतो, आणि कंस दुसऱ्या थरात, म्हणजे अंगठ्याची कळ दाबून धरल्यावर मिळतात. पालघरच्या आठ तालुक्यांपैकी मोखाडा, वाडा, डहाणू आणि विक्रमगड या चारांत ड आहे. वस्तीवस्तीच्या नावातला पाडा वेगळाच. दर पाड्याला अंगठा दाबून धरायचा, हे काही खरं नाही.

तोड सोपी आहे. हे कीबोर्ड बहुधा क्यूएमके नावाच्या मुक्त प्रणालीवर चालतात, कुठली कळ काय पाठवेल ते आपण ठरवायचं. कंसाची कळ मूळ जागी आणायची, ड आणि शिफ्टने ढ परत मिळतात. ट त्याच्याच खाली असतो. नुक्ता आणि ञ बसू द्या दुसऱ्या थरात, मराठीत त्यांचं काम रोज पडत नाही. बेघर झालेला बॅकस्पेस अंगठ्याला द्यायचा. मला ही वाटणी मूळ मांडणीपेक्षा बरी वाटते, खोडायला करंगळी ताणावी लागत नाही. पण पुढे एखाद्या कचेरीतल्या साध्या कीबोर्डवर बसलात, की चूक खोडायला अंगठा खाली जातो आणि अर्जभर मोकळ्या जागा पडत जातात.